रबरी बोट सांभाळायच्या नोंदी : पूर ओसरल्यापासून पुढच्या पावसापर्यंत

६ ऑक्टोबर २०२४

आज बोट धुवायला काढली. यंदा जुलैअखेर कृष्णा पात्राबाहेर आली पण गावठाणात पाणी शिरलं नाही, मळ्यातल्या काही घरांतली माणसं आणि शेरडं बाहेर काढायला बोट लागली, नंतर ऑगस्टभर पोरांचा सराव झाला. काम कमी झालं म्हणून धुणं कमी करायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. या नोंदी मी लिहितोय कारण उद्या मी गावात नसलो तरी जो कोण बोट बघेल त्याला कुठली गोष्ट का केली ते कळायला पाहिजे, नुसतं काय केलं ते कळून उपयोग नाही.

नवीन पोरांसाठी थोडं मागचं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पुण्याहून एनडीआरएफ यायचं तर पुणे-बेंगळुरू हायवेच शिरोलीजवळ पाण्याखाली. आमच्याकडं म्हातारी माणसं गुळाच्या काहिलीत बसवून काढली. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली, ते या भागातलं कुणी विसरणार नाही. त्यानंतर गावानं वर्गणी काढून ही बोट घेतली, घराघरातून पैसे आलेत. पुरात ही बोट फार तर आठवडाभर पाण्यात असते, बाकीचं सगळं वर्ष खोलीत, आणि माझं ठाम मत आहे की रबरी बोट पुरात कमी आणि खोलीत जास्त खराब होते.

बोट ४.२ मीटरची, कापड पीव्हीसीचं, भगव्या रंगाचं. डाव्या-उजव्या बाजूचा आणि नाकाचा असे ट्यूबचे तीन वेगवेगळे कप्पे, खाली फुगवायची कील म्हणजे तळाखालचा मधला लांब कप्पा, तळाला अॅल्युमिनियमच्या फळ्या, मागं इंजिन अडकवायची प्लायवूडची फळी. सगळे रबरी बोट म्हणतात पण रबर यात नाही, आणि हे माहीत असणं पुढं चिकटवताना लई महत्त्वाचं आहे, ते त्या वेळी लिहितो.

धुण्यातली खरी जागा एकच, ट्यूब आणि तळाचं कापड जिथं जुळतं ती खाच. फळ्या काढल्याशिवाय ती दिसतच नाही. आज फळ्या काढल्या तर खाचेत चांगला बोटभर गाळ, वर वाळून खपली धरलेला आणि आत अजून ओला, त्यात उसाच्या पाचटाचे तुकडे, बारक्या गोगलगायींची शिंपलं आणि वाळू. ही वाळूच घातक. बोटीत माणूस हलला की फळी हलते, फळीच्या कडेखाली वाळू आणि वाळूखाली कापड, म्हणजे सगळा सीझन पॉलिश पेपर चालल्यासारखं. भांडी घासायचा साबण बादलीत पातळ करून, मऊ ब्रशनं खाच घासली आणि पाईपचं पाणी नाकाकडून मागं असं सोडलं. पाणी मागं स्वच्छ यायला लागलं तरी बोट उलटी करून परत झटकली, मग अजून वाळू पडली.

ट्यूबवर इंजिन ऑइलचे डाग होते. एकानं लगेच रॉकेलची बाटली आणली, ती परत पाठवली. रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीच कापडाला लावायचं नाही, पीव्हीसी ज्यामुळं मऊ राहतं ते द्रव्य त्यानं बाहेर निघतं आणि कापड आधी चिकट, मग कडक होतं. साबण आणि कोमट पाणी परत परत, निघेल तेवढं निघेल, राहिलेला डाग काही बोट बुडवत नाही. गाडीच्या डॅशबोर्डला लावतात ते चकचकीत सिलिकॉनचं स्प्रेपण नको, एकदा ते कापडात बसलं की तिथं पुढं ठिगळ धरत नाही.

शेवटचं धुणं टाकीतल्या नळाच्या पाण्यानं केलं, बोअरच्या पाण्यानं पांढरे थर राहतात. आता सावलीत, फुगवलेली, उलटी ठेवलीय. वरून दोन तासात वाळते पण खाच वाळायला वेळ लागतो, तिथं सुती कापडाची घडी सारून सारून पुसली.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

तालमीत शस्त्रपूजेला वल्ही, दोर आणि इंजिन मांडलं. हळद-कुंकू इंजिनच्या कव्हरला लावलं, कापडाला नाही, तेलातलं कुंकू पीव्हीसीवर बसलं की निघत नाही. वस्तादांनी स्वतः नारळ फोडला. बोटीशी गावाचं हे नातं आहे ते राहिलं पाहिजे, म्हणून पूजा सोडायची नाही, नारळ तेवढा बोटीपासून लांब फोडायचा, करवंटीचं टोक धारदार असतं.

२० ऑक्टोबर २०२४

हवेची तपासणी. काल संध्याकाळी पूर्ण हवा भरून ठेवली, आज सकाळी गेज लावलं. डावा-उजवा कप्पा ठीक, नाकाचा कप्पा मऊ.

गेजबद्दल आधी. मागच्या फळीवर कंपनीची प्लेट आहे, त्यावर ट्यूबचं प्रेशर ०.२५ बार. हे फार कमी प्रेशर आहे, गाडीच्या टायरचं गेज एवढ्या खालचं दाखवतच नाही, त्याला लो-प्रेशर गेज वेगळं लागतं आणि ते आपल्याकडं आहे. अंगठ्यानं दाबून बघायचं नाही, पाटलांचा अंगठा वेगळा आणि माझा वेगळा. आणि टायरवाल्याच्या कंप्रेसरला ही बोट कधीच लावायची नाही. पायपंपानं वेळ लागतो तो लागू दे, कंप्रेसरनं कप्प्यांमधला पडदा फाटायला काही सेकंद पुरतात.

हवा भरायचा क्रम पण लिहून ठेवतो. एक कप्पा टम्म भरून मग दुसरा असं नाही, कारण दोन कप्प्यांच्या मध्ये फक्त एक कापडी पडदा असतो आणि एका बाजूनं सगळा जोर आला तर तो पडदा ताणतो. आधी तिन्ही कप्पे अर्धे, मग फळ्या बसवायच्या, मग तिन्ही थोडे थोडे करत पूर्ण, आणि कील सगळ्यात शेवटी. हवा सोडताना पण तिन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडायचे.

आता गळती. आधी बघितलं की नाकाची हवा शेजारच्या कप्प्यात जात नाही ना, तसं असतं तर शेजारचा कप्पा जास्त घट्ट लागला असता आणि ते काम गावात होण्यासारखं नाही, आतला पडदा बदलावा लागतो. शेजारचे कप्पे होते तिथंच होते, म्हणजे हवा बाहेर जातेय. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी, बुडबुडा नाही. मग ब्रशनं सगळ्या नाकावर साबण फासत गेलो आणि जिथं नाकाचा दोर अडकवायची कडी आहे तिच्या खाली, वीतभर अंतरावर, मोहरीएवढे बुडबुडे एकावर एक यायला लागले. सावकाश, एक फुटला की दुसरा.

नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं. हाताचं बोट फिरवलं तर बारीक टोचलं. बाभळीचा काटा, बाहेरचा भाग मोडून गेलेला आणि आतला कापडात राहिलेला. मळ्याच्या बांधावरनं बोट ओढली तेव्हा शिरला असणार. चिमट्यानं सरळ रेषेत ओढला, तिरका ओढला असता तर भोक रुंदावलं असतं, आणि मग भिंगाखाली धरून बघितला की टोक शाबूत आहे का. टोक आतच राहिलं असतं तर वर कितीही चांगलं ठिगळ लावलं तरी काट्यानं ते आतून परत फोडलं असतं. टोक शाबूत होतं. भोकाभोवती पेन्सिलनं गोल केला. बॉलपेन आणि मार्करची शाई पीव्हीसीत उतरते आणि पसरते, पेन्सिलच बरी.

चिकटवायचं मात्र आत्ता नाही. हवेत अजून दमटपणा आहे, परतीचा पाऊस आहे. थांबायला हरकत नाही, बोट पावसाळ्याआधी लागणार नाही.

१० नोव्हेंबर २०२४

जागेचा प्रश्न. आत्तापर्यंत बोट शाळेच्या मागच्या खोलीत होती, पण २० तारखेला विधानसभेचं मतदान आहे आणि शाळेत केंद्र, सगळ्या खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत. बरंच झालं, ती खोली मला कधी पटली नव्हती, २०१९ ला तिथं छातीएवढं पाणी होतं. पूर आल्यावर बोट काढायची आणि बोटीची खोलीच आधी बुडायची, याला काय अर्थ.

गावात फिरून जागा बघितल्या. विकास सोसायटीचं गोडाऊन उंचावर आहे, पण आत खतं आणि औषधं. दार उघडलं की डोळे चुरचुरतात, असल्या वाफेत कापड सहा महिने ठेवायचं नाही, शिवाय पोत्यांमागं उंदीर. डेअरीच्या मागचं पत्र्याचं शेड मोठं आहे, बोट फुगवलेली आत जाते, पण एप्रिल-मेत दुपारी त्या पत्र्याखाली माणूस उभा राहू शकत नाही. उष्णतेनं जोडावरचा डिंक सैल पडतो, आणि बोटीची उमर जोडांवर आहे, कापडावर नाही.

एका मामांचं म्हणणं की माझ्या अंगणात झाडाखाली ठेवा ताडपत्री घालून. मनापासून म्हणत होते. पण ताडपत्री अंगाला चिकटून असली की खाली वाफ धरते आणि बुरशी येते, आणि झाडाखाली ऊन फिरत फिरत येतंच. उन्हातली अतिनील किरणं पीव्हीसी सगळ्यात जास्त खातात.

शेवटी वर्षाचे दोन भाग केले आणि सगळ्यांना ते पटलं. ऑक्टोबर ते मे बोट गुंडाळून तालमीच्या माडीवर. वर स्लॅब, पश्चिमेला शेजारचं घर म्हणून भिंत तापत नाही, आणि आठवडाभर कुणी ना कुणी तिथं असतंच. जून ते सप्टेंबर मात्र देवळाच्या सभामंडपात, अर्धी फुगवून, लाकडी घोड्यांवर. देऊळ गावातल्या सगळ्यात उंच जागी आहे, २०१९ ला पाणी पायरीला लागून परत गेलं, आणि मंडपाच्या उघड्या बाजूनं बोट तशीच्या तशी बाहेर निघते. पावसाळ्यात माडीवर ठेवली असती तर रात्री दोनला पाणी वाढल्यावर अरुंद जिन्यातून एवढं ओझं खाली आणा, मग फुगवा, फळ्या बसवा. फळ्यांसकट उचलायला चार माणसं लागतात. तेवढा वेळ पाणी देत नाही.

गुंडाळताना : पूर्ण वाळलेली, खाचेत बोट घालून बघितलं. टाल्कम पावडर हातानं चोळून घड्यांच्या मध्ये, म्हणजे कापड कापडाला चिकटत नाही. घट्ट घड्या नाहीत, दोन्ही ट्यूब आत घेऊन मागच्या फळीकडून सैल गुंडाळी, आणि घडीची रेघ दर वर्षी वेगळ्या जागी, एकाच रेघेवर दहा वर्षं दुमडलं तर तिथंच चीर जाते. व्हॉल्व्ह बंद करून टोपण लावलं, उघडा ठेवला तर झुरळं आत जातात. वर सुती चादर. गुंडाळीवर काहीही ठेवायचं नाही, गाद्या पण नाहीत. इंजिन आणि पेट्रोलची टाकी माडीवर येणार नाही, ते खालच्या खोलीत.

१ डिसेंबर २०२४

कारखाने सुरू झाले, तोडी सुरू. फड रिकामा झाला की त्यातले उंदीर गावात येतात हे दर वर्षीचं आहे, आणि उंदराला गुंडाळलेली बोट म्हणजे तयार बिळ. म्हणून बोट जमिनीवर नाही, जुन्या खाटेवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि खाटेच्या चारी पायांना पत्र्याच्या उलट्या टोप्या सुताराकडून बसवून घेतल्या. माडीवर खायचं काही न्यायचं नाही असं वस्तादांनी सगळ्या पोरांना सांगितलंय आणि त्यांचा शब्द तालमीत कुणी मोडत नाही. दोन पिंजरे लावलेत. डांबरगोळ्या कुणीतरी आणल्या होत्या, त्या लांब ठेवल्या, प्लॅस्टिकला लागून राहिल्या तर त्यावर परिणाम करतात.

लाइफ जॅकेट दोरीवर हँगरला टांगलीत, एकावर एक रचली की आतला फोम दबतो आणि मग ती पाहिजे तेवढं तरंगवत नाहीत.

२ फेब्रुवारी २०२५

ठिगळाचा दिवस. हवा कोरडी, सकाळी गारवा आणि दहा वाजेपर्यंत छान ऊब, आपल्याकडं चिकटवायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. मेमध्ये डिंक लावता लावता वाळतो आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी डिंक घट्ट करणाऱ्या हार्डनरशी आधीच जुळतं, मग ठिगळ वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि भार आला की उचकटतं.

आता ते कापडाचं. गावात प्रत्येकाकडं उपाय असतो. पंक्चरवाल्याकडं न्या म्हणणारे बरेच. सायकल-मोटरसायकलच्या ट्यूबचं सोल्युशन खऱ्या रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते सुरुवातीला धरतं पण कापडातलं मऊपणाचं द्रव्य हळूहळू त्यात उतरतं आणि ठिगळ सालीसारखं निघून येतं. दुसरा उपाय ठिबकवाल्यांचा, पीव्हीसी पाईपचं सोल्युशन. नावात पीव्हीसी आहे म्हणून ते बरोबर वाटतं, पण ते कडक पाईपसाठी आहे, वाळल्यावर काचेसारखं टणक होतं, आणि बोटीचं कापड तर सारखं वाकतं, मग भोवतीचं कापडच तडकतं. आपल्याला लागतो दोन भागांचा पॉलीयुरेथेन डिंक, डबा आणि हार्डनरची बारकी बाटली.

काही बोटी हायपालॉन नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात, शेजारच्या गावाला तशी एक मिळालीय म्हणून हे लिहितो. तिचं कापड बाहेरून मॅट आणि आतून वेगळ्या रंगाचं असतं, ऊन आणि पेट्रोल दोन्ही पीव्हीसीपेक्षा कितीतरी जास्त सहन करतं. त्या मालाची ड्यूपाँट कंपनीनं २०१० मध्ये निर्मिती थांबवली, आता दुसऱ्यांचा येतो, पण नाव तेच राहिलं. तिला निओप्रीनचा डिंक लागतो आणि चिकटवण्याआधी कापड घासून खरखरीत करावं लागतं. आपलं पीव्हीसी घासायचं नाही, आतले धागे उघडे पडतात, ते फक्त एमईके नावाच्या सॉल्व्हंटनं पुसायचं. वर थिनर नको म्हणालो आणि आता सॉल्व्हंट लावतोय हे खरं, पण हे ठिगळाच्या जागेपुरतं, एकदाच, मुद्दाम वरचा थर जागा करायला.

काम असं केलं. बोट थोडी फुगवून भोकाची जागा परत साबणानं पक्की केली, मग धुवून, पुसून, हवा सगळी काढून नाकाचा भाग पाटावर सपाट पसरला. ठिगळ त्याच कापडाचं, गोल, भोकाच्या चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर भरेल एवढं. चौकोनी नको, कोपऱ्यापासून उचकटायला सुरुवात होते. कापडावर ठेवून पेन्सिलनं रेघ, रेघेबाहेर मास्किंग टेप. हातात ग्लोव्हज, खिडक्या सगळ्या उघड्या, आणि बिडी ओढणाऱ्यांना खाली पाठवलं, एमईके पटकन पेट घेतं.

पांढऱ्या सुती फडक्यानं एमईके, एकाच दिशेनं पुसायचं. हार्डनर डब्यावर लिहिल्याप्रमाणे वजनी ५ टक्के, सोनाराचा तराजू मागून आणला होता, अंदाजानं ओतायचं नाही. पहिला हात पातळ, ठिगळाला आणि बोटीला दोन्हीकडं, आणि तो पूर्ण सुकू दिला. दुसरा हात पण पातळ. मग बोटाची पाठ लावून बघत बसलो. बोटाला लागतं पण सुटताना तार धरत नाही अशी वेळ येते, ती दहा-पंधरा मिनिटांत आली. ठिगळ मधून टेकवलं आणि लाकडी लाटण्यानं मधून बाहेर, मधून बाहेर, हवा कडेला काढत दाबलं. लाटणं आमच्या वहिनींनी दिलं आणि परत घेणार नाही म्हणाल्या, आता ते किटमध्येच राहील. कडेला बारीक डिंक बाहेर आला तो लगेच पुसला, टेप काढला, वर सपाट फळी आणि वाळूची पिशवी.

हार्डनरची उघडलेली बाटली ठेवायची नाही, हवा लागली की ती पुढच्या वर्षी कामाची राहत नाही. नवीन आणायची, पैसे गेले तरी चालेल.

९ फेब्रुवारी २०२५

चोवीस तास झाल्यावर हलकी हवा भरली होती, पूर्ण हवा आज भरली, आठवडा गेल्यावर. सकाळी सात वाजता ०.२५, हवा १५ अंशांच्या आसपास. उद्या सकाळी त्याच वेळेला परत बघणार. त्याच वेळेला हे महत्त्वाचं, कारण दुपारी आकडा आपोआप चढतो आणि गळती झाकली जाते. हवा तापली की प्रेशर वाढतं, १५ अंशांना ०.२५ असलेली ट्यूब ४० अंशांना गेली तर साधारण ०.१ बारनं वर जाते, आणि भर उन्हात कापड हवेपेक्षा बरंच जास्त तापतं. म्हणून टम्म भरलेली बोट उन्हात सोडून कुणी जेवायला जायचं नाही. उलट पण तेवढंच खरं, उन्हात भरलेली बोट पुराच्या गार पाण्यात घातली की मऊ पडते, पाण्यात गेल्यावर पाच मिनिटांनी गेज परत लावायचं आणि पंप बोटीतच ठेवायचा.

१० तारखेची भर : सकाळी सात, ०.२५. ठिगळ पास.

२३ मार्च २०२५

इंजिन. १५ हॉर्सपॉवर टू-स्ट्रोक. ऑक्टोबरलाच ते स्वच्छ पाण्याच्या बॅरलमध्ये बुडवून चालवलं होतं, आतल्या कुलिंगच्या वाटांतला गाळ निघायला. पाण्याबाहेर इंजिन क्षणभर पण चालू करायचं नाही, कुलिंगचं पाणी खेचणारा आतला रबरी पंखा म्हणजे इंपेलर, तो पाण्यावरच फिरतो आणि कोरडा फिरला की जळतो. पोरांना आवाज ऐकायची हौस असते म्हणून किल स्विचची दोरी, जी लावल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, ती मी वेगळी ठेवतो.

आज इंपेलर काढून बघितला. पाती एका बाजूला वाकलेली आणि कडा गाळानं झिजलेल्या, नवीन टाकला. खालचं गिअर ऑइल सोडलं, आधी खालचा स्क्रू मग वरचा. ऑइल दुधी नाही, म्हणजे सील चांगली आहेत, पाणी शिरलं नाही. नवीन ऑइल खालच्या भोकातून वर भरत गेलो, वरच्या भोकातून यायला लागलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वरून भरलं तर आत हवा राहते.

पेट्रोलचा विषय जरा लांब आहे. आता पंपावर सगळीकडं ई-२० येतंय, २० टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच उसाचं. गाडी रोज चालते तिला त्याचं काही नाही, पण वर्षातून थोडे दिवस चालणाऱ्या बोटीला आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतं. टू-स्ट्रोकला ते आणखी वाईट, ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये आणि इंजिन ओढतं तळाचं, म्हणजे ऑइलशिवाय. म्हणून टाकीत पेट्रोल साठवायचं नाही. सीझन संपला की टाकी रिकामी, आणि पाईप काढून इंजिन बंद पडेपर्यंत बॅरलमध्ये चालवायचं म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पावसाळ्यात ताजं पेट्रोल आणून लिटरला २० मिली ऑइल, आणि पंधरा दिवसांत बोट चालली नाही तर ते कुणाच्या तरी जुन्या टू-स्ट्रोक फवारणी पंपात वापरून टाकायचं.

मागच्या प्लायवूडच्या फळीला हातोडीच्या दांड्यानं टकटक केलं, आवाज सगळीकडं ठणठणीत. इंजिनचे क्लँप जिथं दाबतात तिथं वार्निश गेलं होतं, तिथून पाणी शिरतं आणि प्लाय कुजतो, दोन हात मरीन वार्निश दिलं.

१८ मे २०२५

बोट जूनच्या पहिल्या आठवड्यात खाली आणायची असं ठरलं होतं पण या महिन्यात वळवाचा जोर काही वेगळाच आहे, रोज संध्याकाळी पाऊस, नदीच्या पाण्याला आत्ताच रंग आलाय. आज माडीवर उघडून बघितली. उंदराची लेंडी खाटेखाली आहे, खाटेवर नाही. बुरशी नाही, वास नाही. कीलच्या व्हॉल्व्हची रबरी वॉशर कडक झालीय, ती बदलायला पाहिजे, मागवली.

फेब्रुवारीत ठिगळ लावलं नसतं तर या दमट हवेत आता लावताच आलं नसतं. पुढच्या वर्षी ज्याच्या हातात काम असेल त्यानं फेब्रुवारी धरून ठेवावा.

२७ मे २०२५

काल मान्सून मुंबईत पोचला, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. आम्ही काल रात्रीच बैठक घेऊन आज बोट देवळात आणली. घोड्यांवर रुंद फळ्या आणि वर जुनी सतरंजी, म्हणजे भार एका रेघेवर येत नाही. हवा ०.१ बार, आकार धरण्यापुरती. मंडपाच्या मोकळ्या बाजूनं सकाळचं ऊन येतं तिथं सुती पडदा लावलाय, अंगाला न लागता.

घंटेखालच्या खांबाला पंप, गेज, ठिगळाचं किट, लाटणं आणि किल स्विचची दोरी एका पिशवीत. कुलूप नाही. चर्चा झाली, चोरीची भीती काहींना वाटते, पण किल्ली ज्याच्याकडं तोच पलीकडच्या काठावर अडकला तर काय करायचं, हे पुजारी मामांनी विचारलं आणि विषय संपला.

१ जून २०२५

सराव. सभामंडपातून बोट उचलून, हवा पूर्ण भरून, इंजिन लावून नदीच्या उतारापर्यंत. बोट जमिनीवरून फरपटायची नाही यावर मी आज ओरडलो आणि पुढं पण ओरडेन. द्राक्षबागेतली तार, अँगल, उसाचे बुडखे, बाभळी, पुराच्या पाण्याखाली हे सगळं असतं आणि ते आपल्या हातात नाही, काठावरचं मात्र आहे.

पाण्यात गेल्यावर गेज ०.२५ वरून ०.२१ झालं, पंप मारला. इंजिनमधनं बाहेर पडणारी कुलिंगच्या पाण्याची धार जोरात. ठिगळाची जागा ओल्यात पण घट्ट, कडेला नख घालून बघितलं.

कंपनीच्या प्लेटवर ७ माणसं लिहिलंय. ती प्लेट बारकी आणि इंग्रजीत, रात्री कुणाला दिसणार. कापडावर रंग लावायचा नाही म्हणून मागच्या लाकडी फळीवर आतून-बाहेरून पांढऱ्या ऑइलपेंटनं वीतभर अक्षरात "७ माणसं" असं लिहिलं, चालवणारा धरून. ब्रह्मनाळ लक्षात असलेल्या गावात यावर कुणी वाद घातला नाही. आठवा कितीही जवळचा असला तरी तो दुसऱ्या खेपेला.

राहिलेलं : कीलची वॉशर अजून आली नाही, तोवर कीलचं गेज रोज बघायचं. एका वल्ह्याची मूठ सैल. दर रविवारी सकाळी सातला तिन्ही कप्प्यांचे आकडे मंडपातल्या वहीत, जून-जुलै वस्तादांची पोरं, ऑगस्ट-सप्टेंबर आमची गल्ली.